विश्लेषण : सिम्युलेटरमधील ‘स्पिटफायर’ कितपत खरे?

‘आयएल-२ स्टर्मोविक : क्लिफ्स ऑफ डोव्हर’ (२०११) या सिम्युलेटरमध्ये १९४०ची ‘ब्रिटनची लढाई’ संगणकावर लढता येते. पण ब्रिटिश स्पिटफायर आणि जर्मन मेसरश्मिट-१०९ यांपैकी वरचढ कोण, यावर खेळाडूंमध्ये वाद झडतात. विशेष म्हणजे दोन्ही बाजूंकडे युद्धकाळातील अस्सल कागदपत्रे असतात.

वादाचे मूळ कशात?

विमानाचा ‘कमाल वेग’ हा एकच आकडा नसतो. उंची, वजन, इंधन बदलले की वेगही बदलतो. सिम्युलेटर घडवणारे जुन्या चाचणी अहवालांचा आधार घेतात. पण प्रत्येक अहवाल त्या चाचणीतील विमानापुरता आणि परिस्थितीपुरता असतो.

इंधनाने काय बदलले?

‘स्पिटफायर मार्क-१’चे मर्लिन इंजिन सुरुवातीला ८७ ऑक्टेन पेट्रोलवर चाले. त्यावर सुपरचार्जरचा दाब, म्हणजे ‘बूस्ट’, सव्वासहा पौंडांपर्यंतच नेता येई. १९४०च्या पूर्वार्धात ‘फायटर कमांड’ने १०० ऑक्टेन इंधन वापरात आणले आणि आणीबाणीसाठी ही मर्यादा १२ पौंडांवर गेली. कमी उंचीवर वेग ताशी सुमारे ४० किलोमीटरने वाढला. मात्र ही ताकद सलग पाच मिनिटेच वापरायची होती. शिवाय जास्त उंचीवरील विरळ हवेत सुपरचार्जर तेवढा दाब देऊ शकत नसल्याने तिथे फायदा उरत नसे. म्हणजे १९३९च्या अहवालावरून बेतलेले स्पिटफायर १९४०च्या लढाईत उतरवले, तर ते उगाच मंद ठरते.

वेगापलीकडे काय?

नाक झटकन खाली दाबले की कार्ब्युरेटरमुळे मर्लिन इंजिन क्षणभर अडखळे. मेसरश्मिटमध्ये थेट इंधन इंजेक्शन असल्याने जर्मन वैमानिक असाच सूर मारून निसटत. १९४१मध्ये अभियंता बीट्रिस शिलिंग यांनी इंधनाचा प्रवाह मर्यादित करणारा छोटा धातूचा भाग बसवून या दोषावर बराच उतारा शोधला. १९४०च्या स्पिटफायरमध्ये हा दोष दाखवलाच नाही, तर जर्मनांचा हुकमी डावच निकामी होतो.

मग आकडे कसे वाचायचे?

कोणते इंधन, किती उंची, कोणता महिना, हे आधी पाहावे. आकडे बिनचूक असले तरी शत्रू आधी कोणाला दिसला आणि उंचीचा फायदा कोणाकडे होता, यावर अनेक चकमकींचा निकाल ठरे. त्यामुळे सिम्युलेटरमधील विजय हा इतिहासाचा पुरावा ठरत नाही.