तेरडा घाईत, जास्वंद निवांत

दसऱ्याला भरभरून फुललेला झेंडू दिवाळी उलटली की पिवळा पडू लागतो आणि बागेची हौस असलेली माणसं हळहळतात. पाणी कमी पडलं का, खत चुकलं का, कीड लागली का, अशी चौकशी सुरू होते. बहुतेक वेळा यांतलं काहीच झालेलं नसतं. झेंडूने बी धरलेलं असतं आणि त्याच्या दृष्टीने काम संपलेलं असतं. शेजारच्या कुंडीतली जास्वंद मात्र वर्षानुवर्षं रोज एखाददुसरं फूल देत निवांत उभी असते. या दोघांच्या स्वभावातला फरक ज्याला कळला, त्याची निम्मी बागकामाची पुस्तकं वाचून झाली असं मी खुशाल म्हणेन.

झाडाच्या फांदीच्या टोकाशी आणि पानांच्या बेचक्यात वाढणाऱ्या पेशींचा एक पुंजका असतो. त्यातून पुढे पानं-फांद्या निघणार की फूल, हे तिथेच ठरतं. एकदा फुलाचा निर्णय झाला की त्या टोकाची वाढ थांबते. वर्षायू झाड, म्हणजे आपण ज्याला हंगामी म्हणतो ते, बघता बघता जवळजवळ सगळी टोकं फुलांसाठी खर्च करून टाकतं. मग बी भरायला लागलं की पानांतलं नत्र आणि स्फुरद काढून बियांकडे पाठवलं जातं. पानं पिवळी पडतात ती त्यामुळे. बहुवर्षायू झाड काही टोकं राखून ठेवतं आणि पुढच्या बहराची सोय तिथून होते.

हा फरक फार खोल असेल असं वाटतं. पण 2008 साली बेल्जियममधल्या गेंट इथल्या शास्त्रज्ञांनी वेगळंच दाखवलं. मोहरीच्या कुळातलं अराबिडॉप्सिस हे चिमुकलं झाड प्रयोगशाळांचं लाडकं आहे. काही आठवड्यांत ते फुलतं, बी धरतं आणि मरतं. फुलोऱ्याची घाई लावणारी त्याची दोन जनुकं निकामी केल्यावर तेच झाड जगत राहिलं, त्याचं खोड लाकडी झालं आणि ते पुन्हा पुन्हा फुलू लागलं.

ही घाई कशासाठी, याचं उत्तर साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावर मिळतं. जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर, चार महिने पाणी आणि उन्हाळ्यात तापलेला तवा. अशा जागी मोठं झाड जगवणं हा तोट्याचा व्यवहार आहे. म्हणून तिथल्या कितीतरी वनस्पती उन्हाळा बीच्या रूपात काढतात आणि पाऊस पडला की काही आठवड्यांत सगळं आयुष्य उरकतात. तेरड्याची जांभळी-गुलाबी रानटी भावंडं तिथे मैदानच्या मैदान व्यापतात. गौरीच्या सणाला कोकणात घरी येणारा आपला तेरडाही याच मातीतला. त्याचं पिकलेलं फळ बोट लागताच फुटतं. सालीत साठलेला ताण एका क्षणात सुटतो आणि बिया दूर उडतात. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण त्याच्यावर जरा अन्याय करणारी आहे. एकेक फूल अल्पायुषी असतं हे खरं, पण नव्या कळ्या येतच राहतात आणि झाड काही आठवडे रंगात असतं.

आता बागेत याचा उपयोग. हंगामी झाडाला बी धरूच दिलं नाही तर त्याचा निरोपाचा दिवस पुढे जातो. झेंडू, झिनिया, पिटुनिया यांची सुकलेली फुलं रोजच्या रोज खुडायची ती यासाठी. मात्र नुसत्या पाकळ्या उपटून काही होत नाही. झेंडूचं एक फूल म्हणजे अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो आणि बिया खालच्या हिरव्या पेल्यात तयार होतात. त्या पेल्यासकट, देठापासून खुडावं. शेणखत जपून द्यावं; नत्र जास्त झालं की झेंडू पानांनी माजतो आणि फुलांना टाळाटाळ करतो.

बारमाही झाडांची गोष्ट उलटी. जास्वंद आणि मोगरा नव्या फुटीवर फुलतात, म्हणून तिथे कात्री चालवायला कचरायचं नाही. मोगऱ्याची थंडीत छाटणी करावी, काही दिवस पाणी तोडावं आणि मग खत-पाणी सुरू करावं. उन्हाळ्यात कळ्यांनी झाड लगडतं. बहुवर्षायू म्हणजे दरवर्षी फुलणारं, असंही नाही बरं का. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षं नुसती वाढते, एकदा डोंगर निळाजांभळा करते आणि बी टाकून मरते.

सदाफुलीची जात कोणती? मूळ मादागास्करची ही वनस्पती आपल्याकडे भिंतीच्या फटीतही वर्षानुवर्षं तग धरते. लंडनच्या बागेत मात्र ती एका हंगामाची पाहुणी, कारण कडाक्याची थंडी तिला मारते. तेव्हा परदेशी बियांच्या पाकिटावर काय छापलंय, त्यावर फार विसंबू नये. याच सदाफुलीच्या पानांवर कॅनडात 1950 च्या दशकात झालेल्या संशोधनातून विनब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध मिळालं, मागोमाग विनक्रिस्टिन. साखर उतरते म्हणून ही पानं चघळणारे लोक अजून भेटतात. पेशींचं विभाजन रोखणारी रसायनं ज्या पानांत आहेत, ती रिकाम्या पोटी चावण्याची वस्तू नाही.

सगळ्यांत चतुर शेवंती. ती बहुवर्षायू आहे, बुंध्यापाशी फुटणाऱ्या काश्यांमधून दरवर्षी नवी होते. पण कधी फुलायचं हे ती रात्र मोजून ठरवते. 1920 साली गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकी कृषिशास्त्रज्ञांनी हे कोडं तंबाखूवर सोडवलं. तंबाखूचा एक वाण उन्हाळाभर नुसता उंच वाढायचा. त्यांनी कुंड्या दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवल्या आणि झाडांना वाटलं, दिवस लहान झाले. ती फुलली. पुढे असं दिसलं की झाड खरं तर सलग अंधार मोजतं. पानांतलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य प्रकाशाची खबर ठेवतं, तर फुलण्याचा निरोप पानांकडून शेंड्याकडे एका प्रथिनाच्या रूपात जातो.

पुण्यात जूनमधला सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान अकरा तासांचा. एवढासा फरक शेवंतीला पुरतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारी बाजार शेवंतीने भरतो, त्यामागे हे गणित आहे. पॉलिहाउसमधले उत्पादक रात्री दिवे लावून तिला रोखून धरतात, काळं कापड ओढून लवकर फुलवतात. तुमच्या गॅलरीतली शेवंती पानांनी गच्च असून कळी धरत नसेल, तर औषधं फवारण्याआधी रात्री बाहेर जाऊन बघा. रस्त्यावरचा दिवा थेट तिच्यावर पडत असेल, तर कुंडी दुसरीकडे हलवा.

गुलबक्षीला ना खुडायला लागतं ना हलवायला. जमिनीत जाड कंद ठेवून ती वरून वाळते आणि पावसात पुन्हा उगवते. तिचा गर्द गुलाबी रंग बिटाच्या रंगद्रव्याच्या कुळातला आहे. जास्वंदीचा लाल रंग त्याहून वेगळ्या, अँथोसायनिनच्या घराण्यातला. ही दोन्ही घराणी एकाच झाडात एकत्र कधी सापडलेली नाहीत.

हंगामी झाडांचं जे बळ कुंडीत हवंसं वाटतं, तेच कुंपणाबाहेर गेलं की त्रास देतं. मेक्सिकोतून हौसेखातर आणलेला पिवळा-केशरी कॉसमॉस आज पुण्याच्या टेकड्यांवर आणि घाटरस्त्यांच्या कडेला पसरला आहे. लोक त्याच्यासमोर फोटो काढतात, पण तो जिथे दाटतो तिथलं गवत आणि तेरड्यासारखी स्थानिक फुलं हटतात. झपाट्याने वाढणं, ढीगभर बी, पुढच्या पावसात पुन्हा तेच; हंगामी झाडाची सगळी युक्ती त्याला साधली आहे. कॉसमॉस लावायचाच असेल तर कुंडीत लावा, बी काळं पडायच्या आत फुलं खुडा आणि पावसाळ्यात टेकडीवर टाकायच्या सीड बॉलमध्ये त्याचं बी चुकूनही घालू नका.