काजऱ्याच्या बीमधलं रसायन

कोकणातल्या जंगलात काजऱ्याची नारिंगी फळं पिकली की धनेश त्यांचा गर खातो. आतल्या गोल, चपट्या, करड्या लवेच्या बिया मात्र जहाल विषारी. याच बियांना आयुर्वेदात कुचला म्हणतात आणि गोमूत्र, दूध, तूप यांत शोधन केल्याशिवाय औषधात घेत नाहीत.

बियांतली मुख्य अल्कलॉइड दोन: स्ट्रिक्नीन आणि ब्रुसीन. पेलेतिए आणि कावाँतू या फ्रेंच रसायनज्ञांनी १८१८ मध्ये स्ट्रिक्नीन वेगळं केलं. क्विनीनही पुढे याच जोडीने शोधलं.

स्ट्रिक्नीनला उत्तेजक म्हणतात, पण ते अंगात बळ घालत नाही. मज्जारज्जूतल्या चेतापेशींना ग्लायसीन हे रसायन आवर घालत असतं. एक स्नायू आखडला की त्याच्या विरुद्धचा सैल पडतो तो त्यामुळेच. ग्लायसीन पेशीवर जिथे चिकटतं ती जागा, म्हणजे त्याची ग्राही, स्ट्रिक्नीन अडवतं आणि हा आवर सुटतो. मग दार वाजलं तरी सगळे स्नायू एकदम आखडतात, अंग कमानीसारखं वाकतं, श्वास कोंडतो, आणि माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. असलं द्रव्य एकेकाळी टॉनिक म्हणून सर्रास दिलं जाई! १९०४ च्या सेंट लुईस ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन धावणाऱ्या थॉमस हिक्सला ते वाटेतच अंड्याच्या पांढऱ्यातून पाजलं, नंतर पुन्हा ब्रँडीसोबत. तो जिंकला, पण अक्षरशः कोसळला. आधुनिक वैद्यकाने हे टॉनिक सोडलं ते योग्यच केलं.

रसायनशास्त्राने मात्र स्ट्रिक्नीन आणि ब्रुसीनला सोडलं नाही. सात वलयं एकमेकांत गुंतलेल्या स्ट्रिक्नीनची रचना रॉबर्ट रॉबिन्सन यांनी १९४६ मध्ये उलगडली. वुडवर्ड यांनी १९५४ मध्ये ते प्रयोगशाळेत घडवलं. ब्रुसीनचं काम मला त्याहून देखणं वाटतं. काही आम्लांचे रेणू डावे-उजवे अशा दोन रूपांत मिसळलेले असतात आणि साध्या उपायांनी वेगळे होत नाहीत. त्यात ब्रुसीन घातलं की दोन्ही रूपांचे क्षार बनतात, पण त्यांची विद्राव्यता वेगळी असते. एक स्फटिक होऊन तळाशी बसतो, दुसरा द्रावणात राहतो. गाळून घ्यायचं आणि आम्ल मोकळं करायचं.

जीवशास्त्रालाही स्ट्रिक्नीन उपयोगी पडलं. ते ग्लायसीनच्या ग्राहीला घट्ट चिकटतं, म्हणून तोच गळ टाकून १९८२ मध्ये ती ग्राही शुद्ध स्वरूपात मिळवली. किरकोळ आवाजाने दचकून ताठ होणाऱ्या काही बाळांचा आजार याच ग्राहीच्या जनुकातल्या बिघाडाने होतो, हे १९९३ मध्ये कळलं.