येरवड्याच्या भिंतीआड

तळेगाव दाभाड्याहून लोकलने शिवाजीनगर गाठलं, की येरवडा कारागृह फार दूर नाही. 1871 सालच्या या तुरुंगात 26 जानेवारी 2021 पासून कारागृह पर्यटन सुरू झालं. गांधी-आंबेडकरांचा पुणे करार जिथे झाला, ती जागा पाहता येते. हा उपक्रम चांगलाच, पण आज आत असलेल्यांविषयी त्यातून फारसं कळत नाही, असं मला वाटतं.

तुरुंग अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण महाविद्यालयही येरवड्यातच आहे. बंदोबस्ताइतकंच बोलायला, ऐकायला शिकवणं गरजेचं, कारण कैद्याचा दिवसभर संबंध येतो तो शिपायाशी, न्यायाधीशाशी नव्हे.

विश्वास टाकला तर काय होतं, हे औंध संस्थानाने 1939 मध्येच करून पाहिलं. आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही खुली वसाहत वसवली. कुंपणभिंत नाही, कैदी बायकामुलांसह राहायचे, शेती करायचे. शांतारामबापूंचा 1957 चा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून सुचला. सिनेमा सगळ्यांना ठाऊक, आटपाडी मात्र थोड्यांनाच. ती वसाहत आजही सांगली जिल्ह्यात आहे.