वाचवायला गेलेला का मरतो?

‘टाकीत उतरलेल्या कामगाराचा गुदमरून मृत्यू, वाचवायला गेलेले दोघेही दगावले.’ अशा मथळ्याची बातमी दरवर्षी कुठून ना कुठून येतेच. टाकी कधी सोसायटीच्या सेप्टिक टँकची असते, कधी कारखान्याच्या सांडपाण्याची, तर कधी ती टाकी नसून शेतातली जुनी विहीर असते. गाव बदलते, क्रम बदलत नाही. पहिला उतरतो आणि हाकेला ओ देईनासा होतो. दुसरा वाकून पाहतो, मग उतरतो. तिसरा त्या दोघांना बाहेर काढायला जातो. पहिल्याचे काय झाले हे समोर दिसत असताना दुसरा उतरलाच कसा, असा प्रश्न बातमी वाचणाऱ्याला पडतो.

दुसरा उतरतो, कारण धोका त्याला दिसतच नाही. त्याला दिसतो तो फक्त खाली पडलेला सोबती. पाय घसरला असेल, चक्कर आली असेल, एवढेच त्याच्या मनात येते. आत उतरल्यावर त्याचे स्वतःचे शरीरही त्याला सावध करत नाही. कामाच्या जागेवरील सुरक्षेच्या प्रशिक्षणात हा भाग सर्वांत अवघड आहे, कारण इथे माणसाला त्याच्या चांगुलपणाविरुद्ध वागायला शिकवायचे असते.

हे समजायला विषारी वायूचीही गरज नाही. २३ सप्टेंबर २००७ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यापासून दूर समुद्रात एका ब्रिटिश जहाजावर नांगराची साखळी खडखडत होती. साखळी ज्या कप्प्यात साठवतात तिथे जाऊन ती बांधून टाकावी, एवढ्या कामासाठी दोन खलाशी निघाले. पहिला आत उतरला आणि कोसळला. दुसऱ्याने इतरांना कळवले, पण मदत येईपर्यंत त्याला राहवले नाही. तोही आत गेला आणि पडला. तिसरा श्वसनयंत्र लावून आला, पण पाठीवरच्या सिलिंडरसकट तो त्या अरुंद झाकणातून जाईना. म्हणून त्याने केवळ पळून जाण्यासाठी असलेले छोटे आपत्कालीन उपकरण तोंडाला लावले आणि आत शिरला. तिघेही गेले. कप्प्यात गॅस गळती नव्हती, रसायन नव्हते. होती ती दमट हवेत गंजणारी लोखंडी साखळी. लोखंड गंजते म्हणजे हवेतला ऑक्सिजन स्वतःशी जोडून घेते. बंद कप्प्यातला ऑक्सिजन गंजाने खाऊन टाकला होता. त्या अपघाताच्या चौकशीत बोट ठेवले गेले ते अशा जागांच्या धोक्याबद्दलच्या अपुऱ्या जाणिवेवर.

आपण श्वास घेतो त्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. हे प्रमाण १९.५ टक्क्यांच्या खाली गेले की त्या जागेत श्वसनयंत्राशिवाय जाऊ नये, असा अमेरिकी नियम आहे आणि जगभर तोच आकडा वापरला जातो. १६ टक्क्यांच्या आसपास विचार आणि हालचाली मंदावतात, १० टक्क्यांच्या खाली शुद्ध हरपते, आणि ६ टक्क्यांच्या खाली काही श्वासांतच माणूस कोसळतो. या उतरणीवर गुदमरल्याची जाणीव जवळजवळ होत नाही. पाण्याखाली श्वास रोखून धरल्यावर छातीत जी तगमग होते, ती मुख्यतः साठत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. ऑक्सिजन कमी झाल्याची तक्रार शरीर फार क्षीण आवाजात करते. ऑक्सिजन नसलेल्या टाकीत माणूस श्वास तर नेहमीसारखा घेत-सोडत असतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर जात असतो, त्यामुळे धोक्याची घंटा वाजत नाही. उलट, फुप्फुसात ऑक्सिजन नसलेली हवा भरली की रक्तात शिल्लक असलेला ऑक्सिजनच बाहेर ओढला जातो. म्हणून श्वास रोखलेला माणूस मिनिटभर शुद्धीवर राहतो आणि अशा हवेत श्वास घेणारा त्याआधीच पडतो.

अवकाशयान बनवणाऱ्यांनाही हे चुकले नाही. मार्च १९८१ मध्ये ‘कोलंबिया’ या पहिल्या अवकाश शटलच्या उड्डाणपूर्व चाचणीत आग टाळण्यासाठी मागच्या कप्प्यात नायट्रोजन भरला होता. तो अजून आत असतानाच तंत्रज्ञ आत गेले. एकाचा त्याच दिवशी मृत्यू झाला, दुसऱ्याचा काही दिवसांनी. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने १९९२ ते २००२ या काळातील नायट्रोजनने गुदमरण्याच्या ८५ घटना गोळा केल्या, त्यांत ८० जण मेले होते. ज्या वायूचा हवेत ७८ टक्के वाटा आहे, त्याला कोण घाबरणार?

सेप्टिक टँकमध्ये आणि गटारात याच्या जोडीला हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. दहा लाख भागांत एक भागाहूनही कमी असला तरी नाकाला तो कळतो, त्यामुळे ‘वास आला तर वर येऊ’ असा हिशेब जुने कामगारही सांगतात. पण हे प्रमाण दहा लाखांत शंभराच्या घरात गेले की काही मिनिटांत नाक बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला असे वाटते. खरे तर नाक गेलेले असते. सातशे ते हजाराच्या दरम्यान एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो, कारण हा वायू पेशींना रक्तातला ऑक्सिजन वापरूच देत नाही. शिवाय तो हवेपेक्षा जड असतो आणि गाळात दबून बसतो. वरची हवा मीटरवर ठीक दिसते, माणूस उतरून फावडे चालवतो आणि हलवलेल्या सोड्याच्या बाटलीसारखा गाळातून वायू उसळतो. म्हणूनच टाकीच्या तोंडाशी एकदा मोजून भागत नाही. वर, मध्ये आणि तळाशी मोजायचे, आणि काम सुरू असेतो मोजतच राहायचे.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना यातले निम्मे ठाऊक होते. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध होती. जमिनीखालच्या या पेवांत हळद महिनोन् महिने राहत असे. पेव उघडल्यावर त्यात लगेच कुणी उतरत नसे. तोंड उघडे ठेवून हवा खेळू देत आणि मग कंदील खाली सोडून पाहत. कंदील विझला तर थांबायचे. विज्ञानाच्या कसोटीवरही ही रीत बऱ्यापैकी उतरते. ज्योत साधारण १६ टक्के ऑक्सिजनच्या आसपास मावळते, म्हणजे माणूस कोसळण्याच्या आधी. धान्य-हळदीच्या पेवासाठी जी रीत ठीक, तीच मैल्याच्या टाकीवर मात्र जीवघेणी आहे. हायड्रोजन सल्फाइडची मारक मात्रा हवेत असतानाही कंदील शांतपणे जळत राहतो, आणि टाकीत मिथेन ५ ते १५ टक्के असला तर त्याच ज्योतीने स्फोट होतो. काडी पेटवून टाकीत टाकणारे आजही दिसतात.

मग प्रशिक्षण कसले द्यायचे?

बहुतेक ठिकाणी सध्या जे चालते ते असे: सकाळी पाच मिनिटांचे भाषण, भिंतीवर पोस्टर, रजिस्टरमध्ये सह्या. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन, त्या दिवशी शपथ आणि बॅज. यातून काहीच होत नाही असे नाही, पण फार थोडे होते. २००६ मध्ये एका अमेरिकी सार्वजनिक आरोग्य नियतकालिकात ९५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. भाषण, पत्रक आणि चित्रफीत यांपेक्षा प्रत्यक्ष करून पाहण्याचे, प्रश्नोत्तरांचे प्रशिक्षण ज्ञान वाढवण्यात आणि अपघात कमी करण्यात सरस ठरले. २०१२ च्या दुसऱ्या एका आढाव्याने त्याला जरा कडू पुस्ती जोडली. प्रशिक्षणाने कामगारांचे वागणे बदलते याला भक्कम पुरावा आहे, पण नुसत्या प्रशिक्षणाने इजा आणि आजार कमी होतात असे म्हणण्याइतका पुरावा नाही. कामगाराने सगळे शिकून घेतले तरी जागेवर मीटर आणि दोर नसेल, तर शिकलेले तो वापरणार कुठे?

जहाजांच्या जगाने यातून धडा घेतला. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बंदिस्त जागेत शिरण्याची आणि तिथून माणूस काढण्याची कवायत दर दोन महिन्यांनी करावी लागते. भाषण नव्हे, कवायत. गोणीत साठ किलो वाळू भरून ती मॅनहोलमधून हातांनी वर ओढून पाहिली, की दोन धडधाकट माणसांनाही ते जमत नाही हे दहा मिनिटांत पटते. मग तिपाई आणि चाकावरचा दोर कशाला हवा हे वेगळे सांगावे लागत नाही. उतरणाऱ्याच्या अंगात पट्टा आधीपासून असेल तरच त्याला वरून ओढता येते. खाली पडल्यावर पट्टा बांधायला कुणीतरी उतरावे लागते, आणि तिथूनच दुसऱ्या मृत्यूची सुरुवात होते.

या कवायतीत सर्वांत महत्त्वाचा माणूस आत जाणारा नसतो. तोंडाशी उभा राहणारा असतो. त्याचे काम बोलत राहणे, मीटरकडे पाहणे, गडबड दिसताच दोर ओढणे आणि मदत बोलावणे. आत जाणे हे त्याचे काम नाही, खाली सख्खा भाऊ असला तरी नाही. ऐनवेळी हे कुणालाही सुचत नाही, म्हणून ते आधी पुन्हा पुन्हा घोटून घ्यावे लागते. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेने १९८६ मध्ये दिलेल्या इशाऱ्यानुसार बंदिस्त जागांतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक वाचवायला गेलेले होते. पुढच्या तपासण्यांत हे प्रमाण कमी आले, तरी एक तृतीयांशाच्या घरात राहिले.

साहेबांचा वर्ग वेगळा

अशा प्रशिक्षणाला सहसा बोलावले जाते ते कामगारांना. सुपरवायझर दारात येऊन सही करून जातो, व्यवस्थापक ‘मीटिंग’मध्ये असतो. ‘पटकन उतर, दोन मिनिटांचे काम आहे’ हे वाक्य मात्र याच दोघांच्या तोंडून निघते. माणूस उतरवायचा की पंप आणायचा, कंत्राटाच्या दरात गॅस मीटरचे भाडे धरायचे की नाही, काम संध्याकाळीच संपवायचे की उद्यावर ढकलायचे, हे ठरवणे रोजंदारीवरच्या माणसाच्या हातात नसते. व्यवस्थापकाने शिकायचे ते हे, की परवान्याच्या कागदावर त्याची सही म्हणजे ‘मी मोजमाप पाहिले’ असे विधान आहे. न पाहता सही केलेला परवाना काहीच नसण्यापेक्षा वाईट, कारण तो पाहून माणूस निर्धास्त उतरतो.

कायद्याला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३६ व्या कलमात अट स्पष्ट होती: वायू साठण्याचा संभव असलेल्या टाकीत, खड्ड्यात किंवा नळात माणसाला उतरवायचे, तर सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून लेखी दाखला दिला पाहिजे. नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र आणि पट्टा लावलेला हवा, आणि पट्ट्याच्या दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात हवे. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने कामगाराला प्रशिक्षण मिळण्याचा हक्कही लिहून दिला. पण टाक्या काही फक्त कारखान्यांत नसतात.

हॉटेलच्या मागे, शाळेच्या आवारात, इमारतीच्या पार्किंगखालीही त्या असतात. तिथे व्यवस्थापक कोण? सोसायटीचे सेक्रेटरी, मुख्याध्यापक, हॉटेलमालक. त्यांना सुरक्षेचे प्रशिक्षण कुणी दिलेले नसते आणि आपण कुणाचे ‘साहेब’ आहोत याची जाणीवही नसते. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा मात्र त्यांनाही लागू आहे. सुरक्षा साधने आणि खबरदारी यांशिवाय गटार किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणे हा गुन्हा आहे, थेट उतरवा किंवा ठेकेदारामार्फत. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली.

सोसायटीत नेमका पेच येतो तो टँकर येऊन गेल्यावर. वरचे पाणी उपसले जाते, तळाचा घट्ट गाळ पाइपने ओढत नाही, आणि टँकरवाला म्हणतो, ‘साहेब, एक माणूस उतरवतो, वीस मिनिटांत होईल.’ तेव्हा उत्तर ‘नको’ असे द्यायचे. तळात दाबाने पाणी मारून गाळ सैल करता येतो आणि पुन्हा ओढता येतो. त्यासाठी जेटिंगची गाडी लागते, पैसे थोडे जास्त पडतात. तेही जमत नसेल तर काम त्या दिवशी अर्धे सोडावे. झाकणापाशी गर्दी करू नये, सिगारेट ओढू नये, आणि ऑक्सिजनचा सिलिंडर आणून टाकीत सोडण्याची शक्कल तर मुळीच लढवू नये, त्याने आगीचा धोका वाढतो.

आणि कुणी आत पडलाच, तर तोंडाला ओला रुमाल बांधून उतरण्यात अर्थ नाही. रुमाल हायड्रोजन सल्फाइड अडवत नाही, आणि नसलेला ऑक्सिजन तर कुठलाही कापडी किंवा गाळणीचा मास्क तयार करू शकत नाही. अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर फोन करावा, ‘टाकीत माणूस बेशुद्ध आहे, श्वसनयंत्र घेऊन या’ एवढे स्पष्ट सांगावे. ब्लोअर हाताशी असेल तर बाहेरची स्वच्छ हवा आत सोडावी, अंगात पट्टा असेल तर वरूनच ओढावे, आणि गाडी येईपर्यंत आत झेपावू पाहणाऱ्याला दोघांनी मिळून धरून ठेवावे.