घरमांजराची खोटी शिकार

मांजराचे खेळणे म्हणजे खोटे भक्ष्य. दबा धरणे, शेपटीचे टोक हलवत अंदाज घेणे, झडप घालणे, पुढच्या पंज्यांत पकडून मागच्या पायांनी लाथा झाडणे आणि शेवटी मानेचा चावा घेणे, हा शिकारीचा सगळा क्रम मांजर चिंधीच्या गोळ्यावरही गिरवते. घरमांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातील रानमांजर. माणूस धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी हे जनावर वस्तीत शिरले. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले आढळले आहे. इतका काळ घरात राहूनही त्याची शिकारीची सवय सुटलेली नाही. पोट भरलेले असले तरी ते उंदीर मारतेच.

राधानगरीसारख्या भातपिकाच्या तालुक्यात मांजर पाळले जाते तेही उंदरांसाठीच. त्यामुळे ‘त्याला खेळणे कशाला हवे?’ हा प्रश्न इथे कोणीही विचारील आणि तो अगदीच चुकीचा नाही. माळ्यावर उंदीर, परड्यात सरडे आणि कौलांवर चिमण्या असतील, तर बोक्याला चिंधीच्या उंदराची गरज नसते. पण घरे बदलली आहेत. कणगीच्या जागी पत्र्याची कोठी आली, कौलांच्या जागी स्लॅब आला, आणि उंदीर कमी झाले तरी मांजर राहिलेच. शिवाय जून ते सप्टेंबर या भागात पाऊस असा कोसळतो की मांजर दिवसदिवस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. पिल्लांची गोष्ट वेगळीच. सातव्या-आठव्या आठवड्यापासून ती दिसेल त्या वस्तूशी झटू लागतात. हाती काही लागले नाही, तर पडदे, लोकरीचे गुंडे आणि माणसांच्या पोटऱ्या यांवरच त्यांचा सराव चालतो.

दुसरे कारण गावाच्या कुंपणापलीकडे आहे. कोल्हापूर संस्थानच्या शिकारीच्या जंगलातून १९५८ साली दाजीपूरचे गवा अभयारण्य झाले. १९८५ मध्ये त्याची हद्द वाढून राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचे झाले. फेजीवडे, ओलवण, दाजीपूर ही गावे या रानाला खेटून आहेत. मांजराच्या लेखी घुशीचे पिल्लू, बुलबुलाचे पिल्लू, सापसुरळी आणि बेडूक यांत फरक नाही. हलते ते भक्ष्य. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये याबाबत एक उपयुक्त निष्कर्ष प्रसिद्ध केला. मालकाने रोज पाच-दहा मिनिटे मांजराशी खेळण्याने शिकार-शिकार केली, तर ते घरी आणत असलेली शिकार सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाली. भरपूर मांस असलेले खाणे दिल्यावर ती एक तृतीयांशाहून अधिक घटली. गळ्यात घंटी बांधण्याचा मात्र ठळक परिणाम दिसला नाही. आपल्याकडेही मांजराला घुंगरू बांधून निश्चिंत होणारे पुष्कळ असतात.

खेळणे चांगले की वाईट हे माणसाच्या डोळ्यांनी ठरवायचे नसते. मांजराला लाल रंग नीट ओळखता येत नाही. निळा आणि पिवळसर हिरवा त्यातल्या त्यात बरा दिसतो. नाकापासून वीतभर अंतरातली वस्तू त्याला धूसर दिसते आणि तिथे मिशांचे काम सुरू होते. अंधुक उजेडातली हालचाल मात्र ते चटकन टिपते. माणसाचे कान २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकतात, मांजराचे ६० हजारांच्याही पुढे. म्हणून लाल फुंदे आणि टिकल्या लावलेल्या खेळण्यापेक्षा वाळक्या पानासारखी सळसळ करणारी मळकट चिंधी त्याला जास्त खुणावते.

अशी चिंधी राधानगरीच्या घरात शोधावी लागत नाही. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवताना उरलेले सुती तुकडे यासाठी उत्तम, कारण पुष्कळदा धुतलेले सुती कापड मऊ असते आणि त्यात दात नीट रुततो. मात्र ट्रंकेत डांबरगोळ्यांबरोबर ठेवलेले कापड तसेच वापरू नये. डांबरगोळी मांजराला विषारी असते. कापड आधी धुऊन, चांगले ऊन दाखवून, वास पूर्ण गेल्यावरच हाती घ्यावे.

चिंधीचा उंदीर करायला तळहाताएवढे दोन तुकडे पुरतात. ते एकमेकांवर ठेवून थेंबाच्या आकारात कापावेत, तीन बाजूंनी उलटी टीप घालावी आणि पिशवी उलटी करून आत भरण घालावे. भरणाला भाताचा पेंढा, म्हणजे या भागातले पिंजर, बोटाच्या पेराएवढे तुकडे करून घेतले की दाबताच कुरकुर वाजते. पिंजर पूर्ण वाळलेले हवे. ओलसर राहिले तर आठवड्यात बुरशी धरते. साळीचा तूस स्वस्त असला तरी भरू नये. पिशवी फाटली की तो डोळ्यांत आणि नाकात जातो. शेपूट कापडाच्या पट्टीची वेणी घालून, बोटभरच लांब ठेवून, शिवणीतच पक्की करावी. डोळ्यांसाठी मणी किंवा बटणे लावायचा मोह होतो, पण मांजराला त्यांचे कौतुक नसते आणि ती सर्वांत आधी तुटून पोटात जातात. तयार उंदीर खऱ्या पिटुकल्या उंदराएवढा असावा. घुशीएवढे खेळणे पाहून बरीच मांजरे मागे सरतात. भुकेले मांजर मात्र मोठ्या खेळण्यालाही भिडते, असे साउथहॅम्प्टन विद्यापीठातील हॉल आणि ब्रॅडशॉ यांच्या १९९८ च्या अभ्यासात दिसले होते.

जमिनीवर पडलेला उंदीर थोड्याच वेळात ‘मरतो’. जिवंत वाटायला त्याला हलवणारे कोणी हवे आणि त्यासाठी काठीचे खेळणे करतात. कळकाची किंवा चिव्याची दीड-दोन हात लांबीची बारीक काठी घ्यावी, पेरे घासून सल काढावेत आणि टोकाला खाच पाडून दोन बोटे रुंदीची कापडी पट्टी घट्ट बांधावी. पट्टीच्या टोकाला चिंधीची गाठ किंवा गावठी कोंबडीची दोन-तीन पिसे बांधता येतात. पिसे साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवून घ्यावीत. रानात पडलेली पिसे मात्र घरी आणू नयेत. अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उचलणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मना आहे.

हिवाळ्यात तर अशी काठी शेतात आयतीच मिळते. उसाला तुरा आला की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते, कारण कांड्यांची वाढ थांबते आणि ऊस फडात राहिला तर साखर उतरू लागते. मांजरवाल्या घराला मात्र त्या तुऱ्यात आयते खेळणे मिळते. सरळ, हलका, पुरुषभर उंचीचा दांडा आणि टोकाला वाऱ्यावर थरथरणारा रुपेरी पिसारा. दांड्यावरची पाती पूर्ण सोलून काढावीत, कारण त्यांच्या कडा करवतीसारख्या कापतात. तुरा फार टिकत नाही. त्याचे तंतू गळू लागले की तो भाग छाटून त्याच दांड्याला चिंधी बांधावी.

काठी हातात आली तरी ती हलवायची कशी, यावरच खेळ जमतो किंवा फसतो. बहुतेक माणसे पिसे मांजराच्या तोंडासमोर नाचवतात. पण कोणताही उंदीर स्वतःहून मांजराच्या तोंडाशी येत नाही. चिंधी मांजरापासून दूर, जमिनीलगत ओढावी, पाटामागे किंवा पोत्याच्या आडोशाला न्यावी, तिथे थांबवावी आणि फक्त टोक किंचित हलू द्यावे. हालचाल थांबते तोच क्षण मांजर झडपेसाठी धरते. कान पुढे येतात आणि मागचा भाग डुलू लागतो. अधूनमधून शिकार हाती लागू द्यावी, नाहीतर ते चिडते. भिंतीवर लेझरचा ठिपका पळवण्याचा खेळ म्हणूनच अपुरा वाटतो: पंज्यात कधी काहीच येत नाही. पहाट आणि तिन्हीसांजा या शिकारीच्या वेळा. त्या वेळी पाच-दहा मिनिटे खेळून शेवटी खाण्याचा एखादा घास द्यावा, उकडलेले अंडे किंवा बिनमसाल्याच्या कोंबडीचा तुकडा. दूध हा रूढ पर्याय असला तरी पुष्कळ मोठ्या मांजरांना ते पचत नाही. हाताच्या बोटांनी कधीच खेळवू नये. पिल्लाचा चावा गुदगुल्या करतो, पण वर्षाच्या बोक्याचा चावा रक्त काढतो.

माणसाला वेळ नसेल तेव्हा खाण्याचेच कोडे करता येते. नारळाच्या तीन करवंट्या घासून गुळगुळीत कराव्यात, उपड्या ठेवाव्यात आणि एकीखाली माशाचा तुकडा लपवावा. मांजर वासाने करवंटी ओळखते, पंज्याने ढकलते, ती फिरते आणि आवाज करते. कडेला छोटी खाच पाडली की पंजा आत घालायला जागा होते. किराणा दुकानातला पुठ्ठ्याचा खोका हे तर सर्वांत सोपे खेळणे. बाजूंना पंजा जाईल एवढी भोके पाडून आत कागदाचा बोळा टाकला की झाले. पिना आणि चिकटपट्टी आधी काढावी. वेलीवर वाळलेले घोसाळे साल आणि बिया काढून टाकले की जाळीदार, हलके आणि चावायला बरे असते. नखांसाठी परड्यातला ओंडका किंवा काथ्याची दोरी घट्ट गुंडाळलेला खांब चालतो. तो मांजर उभे राहून पूर्ण ताणेल इतका उंच असावा आणि हलू नये. पोते बांधायचे तर धान्याचे घ्यावे, खताचे किंवा औषधाचे नव्हे.

परदेशी खेळण्यांत भरतात ते कॅटनिप तुळशीच्या कुळातले. त्यातल्या नेपेटालॅक्टोन या द्रव्याने साधारण दोन तृतीयांश मांजरे लोळू लागतात, बाकीची ढुंकूनही पाहत नाहीत. हा फरक आनुवंशिक आहे. जपानमधील इवाते विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले की अशा वनस्पतींना अंग घासलेल्या मांजरांवर डास कमी बसतात. इथल्या पावसाळ्यात परसात उगवणाऱ्या खोकली या तणाच्या मुळालाही मांजरे अशीच भुलतात. झाड उपटताच ती वास घेत येतात आणि मुळावर लोळतात. पण हे झाड पोटात जाणे चांगले नाही, त्यामुळे ते खेळण्यात भरू नये.

दोरा हा या सगळ्यातला सर्वांत मोठा धोका आहे. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही; तो गिळलाच जातो. एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकते, दुसरे आतड्यात सरकते आणि आतडे नाडीवर चुणलेल्या परकरासारखे गोळा होऊन चिरले जाते. शिवणाचा दोरा, त्यात सुई असली तर अधिकच, मांजा, लोकर, रबरबँड, मिठाईच्या खोक्याची चकचकीत फीत हे सगळे खेळ संपताच बंद डब्यात जायला हवे. काठीला दोरीऐवजी रुंद पट्टी बांधायची ती याचसाठी, आणि काठीही मांजराच्या ताब्यात एकटी सोडायची नाही. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला, तर तो कधीही ओढू नये. उलट्या होत असोत वा नसोत, मांजराला लगेच पशुवैद्यकाकडे न्यावे.

कोणतेही खेळणे कायम जमिनीवर पडून राहिले की त्यातली गंमत जाते. मांजर कंटाळते ते खेळाला नव्हे, त्या एका वस्तूला. वास किंवा स्पर्श थोडा बदलला तरी ते पुन्हा झडप घालते, हे हॉल, ब्रॅडशॉ आणि रॉबिन्सन यांनी २००२ मध्ये प्रयोगाने दाखवले. म्हणून चार-पाच खेळण्यांपैकी एकच बाहेर ठेवून बाकीची डब्यात टाकावीत आणि दोन-तीन दिवसांनी अदलाबदल करावी. चिंधीचा उंदीर लाळेने कडक झाला की शिवण उसवून पिंजर फेकावे, कापड साध्या साबणाने धुवावे आणि नवे भरण घालावे. फिनाइल वापरू नये, मांजराच्या यकृताला ते झेपत नाही. पावसाळ्यात ऊन नसते, तेव्हा चुलीजवळच्या उबेला वाळवावे. कापड विरून सुते सुटू लागली, तर ते पुन्हा शिवत बसण्यात अर्थ नाही. सुती चिंधी आणि पिंजर उकिरड्यात कुजून जातात. नायलॉनचा दोरा वापरला असेल, तर तेवढा आधी काढून घ्यावा.