नियंत्रण रोहित्राचे माप

साहित्य आणि इतिहास यांची सवय असलेल्या या व्यासपीठावरून मी एका लोखंडी पेटीत बसणाऱ्या लहानशा वस्तूविषयी बोलणार आहे. श्रोत्यांनी हे गोड मानून घ्यावे. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत पॅनेले बांधणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना तर ही वस्तू रोजच्या परिचयाची आहे. ती म्हणजे नियंत्रण रोहित्र. कारखान्यात त्याला कंट्रोल ट्रान्सफॉर्मरच म्हणतात. बंद करण्याचे बटण दाबल्यावर मोटर खरोखर थांबेल की नाही, हे कित्येकदा या रोहित्राच्या मापावर अवलंबून असते.

मोटरला तीन फेजचा ४१५ व्होल्टांचा पुरवठा लागतो. तिला चालू-बंद करणारा काँटॅक्टर मात्र एका वेटोळ्याच्या चुंबकावर चालतो आणि त्या वेटोळ्याला आपल्याकडे बहुधा ११० व्होल्ट देतात. हे ११० व्होल्ट दोन फेजांमधून रोहित्राने घ्यावेत हे उत्तम. त्यामुळे न्यूट्रल तुटण्याची भीती राहत नाही आणि कामगाराच्या बोटाखालच्या बटणापर्यंत ४१५ व्होल्ट पोहोचत नाहीत.

आता मापाचा प्रश्न. सर्व वेटोळ्यांचे व दिव्यांचे व्होल्ट-अँपिअर मिळवून बेरजेच्या वरचे पहिले माप निवडायचे, ही सर्रास चालणारी रीत. ती अपुरी आहे, कारण वेटोळ्याची भूक सदासर्वकाळ सारखी नसते. काँटॅक्टर उघडा असताना चुंबकाच्या दोन भागांत हवेची फट असते. फटीमुळे वेटोळ्याचा प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा विरोध कमी पडतो आणि प्रवाह भरमसाट वाहतो. भाग एकमेकांना चिकटले की विरोध वाढतो व प्रवाह एकदम उतरतो. म्हणून ओढून घेण्याच्या क्षणाची मागणी धरून ठेवण्याच्या मागणीच्या सहा ते दहापट असू शकते. उत्पादकाच्या पुस्तिकेत हे दोन्ही आकडे वेगवेगळे छापलेले असतात. आपण मात्र दुसराच वाचतो.

उदाहरण घेऊ. समजा, पॅनेलमध्ये धरून ठेवण्यास ८ व्होल्ट-अँपिअर घेणारे आठ लहान काँटॅक्टर आहेत. एक मोठा आहे, तो धरताना २० व ओढताना २०० घेतो. शिवाय ५ व्होल्ट-अँपिअरचे दहा दिवे आहेत. नेहमीची बेरीज ६४, २० आणि ५० मिळून १३४ होते, आणि कोणीही १५० चे रोहित्र आणील. पण सर्व लहान काँटॅक्टर ओढलेले असताना मोठा चालू होतो त्या क्षणी मागणी ६४, ५० आणि २०० मिळून ३१४ होते. पूर्ण भारापर्यंत १० टक्के उतरणारे रोहित्र दुपटीहून अधिक भाराखाली आणखी सुमारे ११ टक्के उतरते. त्याच वेळी मोटरच्या सुरुवातीच्या प्रवाहाने मुख्य पुरवठा ८ टक्के खाली आला, तर वेटोळ्यापाशी जेमतेम ९० व्होल्ट उरतात. काँटॅक्टरच्या भारतीय मानकाप्रमाणे तो निर्धारित दाबाच्या ८५ टक्क्यांवर, म्हणजे साडेत्र्याण्णव व्होल्टांवर, खात्रीने ओढला जावा. त्याखाली तशी हमी कोणी देत नाही. २५० चे रोहित्र घेतल्यास त्याच क्षणी सुमारे ९८ व्होल्ट मिळतात. दोन मोठे काँटॅक्टर एकदमच ओढले जाणार असतील, तर अर्थातच दोघांचे आकडे धरावेत.

दाब अपुरा पडला म्हणजे काय होते? चुंबक पूर्ण बसण्याआधीच मुख्य संपर्क टेकतात, मोटर प्रवाह खेचते, दाब आणखी पडतो, चुंबक मागे हटतो आणि पुन्हा ओढतो. पॅनेलमधून खडखडाट ऐकू येतो. प्रत्येक टेकण्यात मोटरचा सहापट प्रवाह त्या संपर्कांवरून जातो; ते वितळून एकमेकांना चिकटतात. मग लाल बटण दाबले, वेटोळे निर्जीव झाले, तरी मोटर फिरतच राहते. एका कारखान्यात मी हे पाहिले आहे. पट्ट्यावर हात असलेल्या माणसाला मुख्य स्विचजवळच्या सोबत्याने वाचवले. त्या पॅनेलमध्ये काँटॅक्टर दोनदा बदलले गेले होते, रोहित्राकडे कोणी पाहिले नव्हते. चुंबक अर्धवटच अडकून राहिला, तर वेटोळे जळते हे वेगळे.

तेव्हा सरळ ५०० चेच रोहित्र का बसवू नये? कारण रोहित्र स्वतःही जोडण्याच्या क्षणी चुंबकनासाठी मोठा प्रवाह घेते आणि प्राथमिक बाजूचा फ्यूज उगाचच उडतो. मग वायरमन जाड तार घालतो आणि संरक्षणच नाहीसे होते. सावकाश उडणारा, योग्य मापाचा फ्यूजच तेथे हवा. दुय्यम बाजूचे एक टोक पृथ्वीला जोडून सर्व वेटोळी त्याच टोकाकडे आणावीत, बटणे दुसऱ्या बाजूस ठेवावीत. म्हणजे तार कोठे पेटीला लागली, तर फ्यूज उडेल, मोटर आपोआप सुरू होणार नाही.

पॅनेल तयार झाल्यावर सर्वांत कमी दाब नोंदवून ठेवणारे मीटर थेट मोठ्या काँटॅक्टरच्या वेटोळ्यावर लावावे, बाकी सर्व भार चालू ठेवावा आणि मोटर सुरू करावी. साध्या काट्याच्या मीटरवर तो क्षण दिसत नाही. लांबच्या बटणापर्यंत दोनशे मीटर तार असेल, तर हीच चाचणी पॅनेल जागेवर बसल्यानंतर पुन्हा घ्यावी.