विहिरींचे पुनरुज्जीवन : एक लोककार्य

डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगाव येथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. देशभरातून येणाऱ्या प्रतिनिधींना पाणी पुरावे म्हणून टिळकवाडी परिसरात एक विहीर खोदण्यात आली. तिला 'पंपा सरोवर' असे नाव देण्यात आले. आज ती 'काँग्रेस विहीर' म्हणून ओळखली जाते. या विहिरीचा पुढील इतिहास पाण्याच्या वापराविषयी बरेच काही शिकवून जातो.

कालांतराने मार्कंडेय नदीवरील राकसकोप आणि घटप्रभेवरील हिडकल या जलाशयांचे पाणी नळाने बेळगावात येऊ लागले. ही सोय मोठीच होती. परंतु नळ आला आणि रहाट थांबला. उपसा बंद झालेल्या विहिरीत गाळ साचतो, झरे बुजतात आणि अखेर लोक तिच्यात केरकचरा टाकू लागतात. १९९५ मध्ये शहराला टंचाईची तीव्र झळ बसली, तेव्हा या विहिरींचे स्मरण झाले. काँग्रेस विहिरीसह जुन्या विहिरींतील गाळ काढण्यात आला आणि त्यांचे पाणी पुन्हा उपयोगात आले.

विहीर व कूपनलिका

दोहोंतील भेद समजून घेणे अगत्याचे आहे. पावसाचे पाणी माती, मुरूम व जांभा यांतून झिरपून वरच्या थरात साठते. विहीर हे पाणी घेते आणि चांगल्या पावसाळ्यात ते बहुधा भरून निघते. कूपनलिका मात्र खोलवरच्या काळ्या पाषाणातील चिरांतून पाणी ओढते. तेथवर पाणी पोहोचण्यास दीर्घ काळ लागतो. भरण्यापेक्षा उपसा अधिक झाला की कूपनलिका आटते, मग आणखी खोल जावे लागते. शेजारच्या शेतकऱ्याचे पाणीही त्यात ओढले जाते.

खानापूरच्या पश्चिमेकडील रानात मुसळधार पाऊस पडतो. निपाणी-चिकोडीकडे त्याचे मान बरेच कमी होते. वेदगंगा व दूधगंगा या नद्या महाराष्ट्रात उगम पावून निपाणी भागात येतात. नदीप्रमाणेच भूगर्भातील पाण्यालाही तालुक्याची किंवा राज्याची सीमा ठाऊक नसते. म्हणून त्याची राखण ही सर्वांचीच जबाबदारी ठरते.

काय करता येईल?

१०० चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर १०० लिटर पाणी मिळते. पहिल्या सरींचे गढूळ पाणी सोडून देऊन नंतरचे पाणी खडी व वाळूच्या गाळणीतून विहिरीत सोडावे. विहिरीजवळ शोषखड्डा किंवा उकिरडा असू नये. ग्रामपंचायतींनी पावसाळ्यापूर्वी सार्वजनिक विहिरींतील गाळ काढून कठडे दुरुस्त करून घ्यावेत व पिण्यापूर्वी पाण्याची तपासणी करवून घ्यावी.

शिक्षकांना येथे मोलाचे कार्य करता येईल. शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी दरमहा दगड बांधलेली दोरी सोडून विहिरीतील पाण्याची पातळी मोजावी आणि ती शाळेच्या फलकावर लिहावी. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदींवरून उसाचे क्षेत्र किती ठेवावे आणि नवी कूपनलिका खोदावी की नाही, याचा विचार ग्रामसभेला अधिक डोळसपणे करता येईल.

टंचाई आल्यावर विहीर आठवणे स्वाभाविक आहे. परंतु टंचाई येण्यापूर्वी ती जपणे हे शहाणपणाचे होय. नळाचे पाणी येत असतानाही विहिरीचा उपसा चालू ठेवावा, यातच तिचे रक्षण आहे.